पाव सेकंदाचा हिशेब

१९८७ साली पीटर मॅक्लिओड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगासाठी त्यांनी क्रिकेटच्या मॅटिंगखाली अर्धगोल लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या. चेंडू पट्टीच्या नेमक्या कुठल्या भागावर पडतो त्यावर तो आत येणार, बाहेर जाणार की सरळ राहणार हे ठरे, आणि ते आधी कळायची काही सोय नव्हती. समोर आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज होते. चित्रीकरण बारकाईने तपासले तेव्हा दिसले, की टप्पा पडून चेंडू वळल्यावर बॅटने मार्ग बदलायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. तोवर बॅट जिथे निघाली होती तिथेच जात राहते. दिवा लागला की बटण दाबायचे, या प्रयोगशाळेतल्या साध्या चाचणीत कोणाही धडधाकट माणसाला साधारण एवढाच वेळ लागतो.

म्हणजे ज्यांच्या चपळाईचे आपण कौतुक करतो त्यांची मूळ प्रतिक्रिया तुमच्याआमच्याहून फारशी वेगवान नाही. चाळिशीत पुन्हा बॅडमिंटनच्या कोर्टावर उतरलेला माणूस दोन-चार शटल हुकली की ‘रिफ्लेक्स गेले आता’ म्हणून मोकळा होतो, किंवा फोनवर चमकणारे ठिपके टिपायचा खेळ रोज खेळू लागतो. त्या खेळातले गुण वाढतात, कोर्टावर मात्र फारसे काही बदलत नाही. तो मेहनत करतो, पण चुकीच्या जागी करतो, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. मोठ्या वयात वाढवता येते ते वेगळेच आहे, आणि ते भरपूर वाढवता येते.

प्रतिक्रियेला वेळ लागतो, हेच मुळी फार उशिरा कळले. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे कधी मोजता येईल, असे योहानेस म्युलर या थोर शरीरशास्त्रज्ञाला वाटत नव्हते. त्याच्याच शिष्याने, हर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजला. सेकंदाला तीसेक मीटरच्या आसपास निघाला. १८६८ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स डोंडर्सने पुढची पायरी गाठली. एकाच खुणेला ठरलेले एकच उत्तर द्यायचे असेल तर लागणारा वेळ आणि दोन खुणांमधून ओळखून योग्य उत्तर निवडायला लागणारा वेळ यांची त्याने वजाबाकी केली. निवडीला वेगळा वेळ लागतो, हे त्यातून उघड झाले. १९५२ मध्ये विल्यम हिक आणि पाठोपाठ रे हायमन यांनी दाखवले, की पर्याय दुप्पट झाले की दर वेळी प्रतिक्रियाकाळात साधारण सारखीच भर पडते. साध्या प्रतिक्रियेचा तळ फारसा खाली नेता येत नाही, पण पर्याय आधीच कमी करून ठेवले तर वरची भर वाचते. सरावाला वाव आहे तो इथे.

ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूला एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचे १७.७ मीटर यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातच पाहायचे, ठरवायचे आणि बॅट आणायची. मॅक्लिओड यांचा निष्कर्ष असा होता, की कसलेल्या खेळाडूची नजर वेगवान नसते. नजरेने दिलेली माहिती वापरणारी हालचालीची यंत्रणा अधिक घडलेली असते. पुढे ब्रूस ॲबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याच्या आतच दृश्य तोडले, तरी उत्तम फलंदाज मनगट आणि हाताच्या हालचालीवरून चेंडूचा प्रकार बऱ्यापैकी ओळखतात. नवख्यांना ते जमत नाही. २००० मध्ये मायकेल लँड आणि मॅक्लिओड यांनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा लावला. चेंडू सुटलेला पाहून डोळे थेट टप्प्याच्या जागी उडी घेतात आणि तिथे चेंडूची वाट पाहतात, असे दिसले. चांगल्या फलंदाजाचे डोळे ही उडी लवकर घेत होते. हे निष्कर्ष मला एकमेकांना पूरक वाटतात: नजर वेळेआधी पोचते आणि शरीर तयार असते, म्हणून उरलेला पाव सेकंद पुरतो.

हे सगळे उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर खो-खोच्या मैदानावर जावे. पारंपरिक नियमांत आक्रमकांचे आठ गडी एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठीवर हात पडतो, ‘खो’ कानावर येतो, की बसलेल्याने उठायचे. उजेडापेक्षा आवाजाला माणूस ३०-४० मिलिसेकंद लवकर प्रतिसाद देतो. डोळ्याच्या पडद्यावर उजेडाचा संदेश रासायनिक साखळीतून तयार होतो, कानातल्या पेशी मात्र कंपनाच्या धक्क्यानेच कामाला लागतात. आपल्या या खेळाची खूण आवाजाची आणि स्पर्शाची आहे, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

पण नुसत्या खोची वाट पाहत बसणारा गडी कोणाला बाद करू शकत नाही. चांगला आक्रमक बसल्या बसल्या समोरच्या संरक्षकाच्या कमरेवर लक्ष ठेवतो, कारण खांदे आणि मान हुलकावणी देतात, कमरेला ते सहसा जमत नाही. टाच उचललेली, भार चवड्यांवर, एक हात जमिनीला टेकलेला. खो मिळाल्यावर डावीकडे की उजवीकडे हे त्याने जवळपास ठरवलेले असते. ठरवायलाच हवे. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलटे फिरता येत नाही, रांग ओलांडून पलीकडे जाता येत नाही. संरक्षकाची सगळी कला त्यामुळे आक्रमकाला चुकीची दिशा लवकर घ्यायला लावण्यात असते, आणि आक्रमकाची कला खो अगदी शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवण्यात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सामन्यांतले आकाशीय सूर लोकांच्या लक्षात राहिले, पण सूर मारण्याआधीच्या दोन पावलांत गडी हेरलेला असतो.

खूण मिळाल्यापासून स्नायू हलू लागेपर्यंतचा वेळ आणि प्रत्यक्ष हालचालीचा वेळ हे दोन वेगळे हिशेब आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर ९.६९ सेकंदांत जिंकली, तेव्हा बंदुकीला त्याचा प्रतिसाद ०.१६५ सेकंदांचा होता. आठ जणांत तो सातवा होता. पुढे त्याच्या पायांनी काय केले ते जगाने पाहिले. मोठ्या वयात मांड्या, पोटऱ्या आणि घोट्यांना ताकद देणे हा ‘रिफ्लेक्स’ सुधारण्याचा सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅडमिंटनमध्ये याचा एक छोटासा पुरावा रोज दिसतो. प्रतिस्पर्धी शटल मारतो त्याच सुमारास कसलेला खेळाडू जागच्या जागी इंचभर उसळतो. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले. तो चवड्यांवर उतरतो तेव्हा शटलची दिशा कळलेली असते आणि वाकलेले गुडघे त्याच दिशेने ढकलायला तयार असतात. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. हौशी खेळाडू दमला की पहिल्यांदा हीच उडी बंद पडते. तो टाचांवर उभा राहतो, शटल पडल्यावर निघतो आणि दोष वयाला देतो.

वयाचा वाटा नाही असे नाही. ब्रिटनमधल्या सात हजारांहून अधिक प्रौढांच्या मोजमापांवरून जेफ डेर आणि इयन डिअरी यांनी २००६ मध्ये दाखवले, की साधी प्रतिक्रिया पन्नाशीपर्यंत फार कमी मंदावते. निवडीची प्रतिक्रिया मात्र प्रौढपणी सतत थोडी थोडी मंदावत जाते. २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट या संगणकीय खेळाच्या ३,३०५ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. चोविशीपासूनच प्रतिसाद मंदावत होता, पण वयाने मोठे खेळाडू सोप्या, कमी कळा लागणाऱ्या चाली वापरून ती तूट भरून काढत होते. आपणहून पर्याय कमी करण्याचाच हा प्रकार.

मग सराव कसा करावा? जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग मला यात सर्वांत उपयोगी वाटतो. दिव्याच्या खुणेवर हातातल्या टेनिसच्या चेंडूने लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असे तीन प्रकारचे काम होते. एका गटाने एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ केले. सरावात पहिला गट वेगवान होता, पण दहा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा दुसऱ्या गटाला अधिक आठवत होते. पन्नास स्मॅश, मग पन्नास ड्रॉप, असा सराव म्हणूनच छान वाटतो आणि टिकत नाही. समोरच्याला सांगावे, की काय टाकणार ते मला कळू देऊ नकोस. चुका वाढतील, चिडचिड होईल, तरी त्यातच शिकणे आहे. यंत्राने चेंडू टाकला की फलंदाजाच्या पावलांची आणि बॅटच्या हालचालीची वेळच बदलते, असेही संशोधनात दिसले आहे. यंत्राला मनगट नसते, त्यामुळे वाचायलाच काही उरत नाही.

मोठ्या वयात मेंदू बदलतो का, याला उत्तर आहे. २००४ मध्ये बोग्दान ड्रागान्स्की आणि सहकाऱ्यांनी तरुणांना तीन चेंडू हवेत खेळवायला तीन महिने शिकवले. हालचाल पाहणाऱ्या भागातला करडा द्रव्यभाग वाढला, सराव सोडल्यावर पुन्हा ओसरला. २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर तोच प्रयोग झाला. तरुणांइतकी सफाई थोड्यांनाच आली, पण मेंदूतला बदल त्यांच्यातही दिसला.

या साऱ्याची खरी गरज कोर्टावर नसून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आहे. तोल गेला की पाऊल वेळेत पुढे पडणे ही वृद्धपणी सर्वांत मोलाची प्रतिक्रिया. पाऊल टाकण्याच्या सरावावरील अनेक प्रयोग एकत्र करून स्टीफन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की अशा सरावाने वृद्धांचे पडणे जवळपास निम्म्याने घटते. घरी हे करायला फरशीवरचे चार चौकोन पुरतात: पुढचा, मागचा, डावा, उजवा. चक्कर, सांधेदुखी किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. हाताशी भिंत किंवा जड खुर्ची असावी. चौकोनाचे नाव घरातल्या दुसऱ्या कोणी मोठ्याने सांगावे, आणि क्रम दर वेळी बदलावा.