१,६६३ ओस गावं आणि माल्कमचा हिशेब

होळकरांच्या राज्यात ३,७०१ गावं. त्यांतली २,०३८ वसती, १,६६३ ओस. हे १८१७ चं चित्र. पुढच्या साली २६९ गावं पुन्हा वसली, १८१९ मध्ये ३४३, १८२० मध्ये ५०८. उरली ५४३. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये लंडनला छापलेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या दोन खंडी ग्रंथात हा हिशेब दिला आहे, आणि माळव्याच्या इतिहासात तो तेव्हापासून फिरतो आहे. त्याच्याच जोडीला वसुलाचे आकडे येतात. माळवा आणि निमाडातून होळकरांना १८१७ मध्ये मिळाले ४,४१,६७९ रुपये, १८१९-२० मध्ये १६,९६,१८३. वसुलीचा खर्च शेकडा चाळीसच्या घरात होता, तो पंधरावर आला. युद्धात मोडलेला मुलूख सावरला हे आकड्यांनी सिद्ध होतं का, हा वाद जगात आजही चालू आहे. इंदूरकरांच्या दारात तो दोनशे वर्षांपूर्वीच येऊन गेला.

गावं ओस का पडली होती, हे थोडक्यात सांगणं भाग आहे. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं, जाळलं. यशवंतराव होळकरांनी पुढची वर्षं मोहिमांत घालवली आणि १८११ मध्ये भानपुऱ्याला ते वारले. मागे राहिली पगार थकलेली पलटणं, आणि गादीवर एक लहान मूल. मुलखात पेंढारी, डोंगरात भिल्ल, मधल्या गढ्यांतून आपला हक्क तलवारीने वसूल करणारे गिरासिये. लोक या काळाला 'गर्दी का वक्त' म्हणत, असं माल्कमनेच नोंदवून ठेवलं आहे. शेवट महिदपुरात झाला. लढाईच्या आदल्या दिवशी फौजेतल्याच लोकांनी मुलाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईचं मुंडकं उडवून देह क्षिप्रेत टाकला. २१ डिसेंबर १८१७ ला इंग्रज सेनापती हिस्लॉप आणि माल्कम यांच्यापुढे होळकरांची फौज मोडली, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. राजपुतान्यातले हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. राहिलं त्याचा कारभार अकरा वर्षांच्या मल्हाररावांच्या नावाने तात्या जोग यांच्याकडे आला.

विठ्ठल महादेव किबे हे तात्यांचं खरं नाव. इंदुरात किबे कंपाउंडावरून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. १८१८ च्या अखेरीस राजधानी इंदुरात आली, जळका राजवाडा पुन्हा उभा राहू लागला, निरुपयोगी फौज घटवली गेली. माल्कम जवळच महूला छावणी टाकून बसला होता. तात्यांची तारीफ करताना त्याने हात आखडता घेतलेला नाही. होळकरांच्या भरभराटीचा हिशेब त्याने मांडला तो एका अर्थी तात्यांचंच प्रशस्तिपत्र होतं.

आता त्या हिशेबाकडे जरा हिशेबनिसाच्या नजरेने पाहू. पहिली गोष्ट, १८१७ हे साल. त्या वर्षी फौज बंडात, दरबारात खून, डिसेंबरात युद्ध. वसूल कोण करणार आणि कुठे भरणार? असं साल पायाला धरलं की पुढचं कुठलंही साल गोजिरंच दिसणार. अहिल्याबाईंच्या महेश्वरी काळातलं एखादं साल शेजारी ठेवलं असतं तर तुलना प्रामाणिक झाली असती. अहिल्याबाईंची स्तुती करताना माल्कम थकत नाही, आकडे लावताना मात्र तो त्यांच्यापर्यंत मागे जात नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वसती गावं २,०३८ ची ३,१५८ झाली, म्हणजे सुमारे ५५ टक्के वाढ. वसूल मात्र पावणेचार पटीच्या वर गेला. दोन्ही आकडे एकाच मुलखाचे धरले, तर १८१७ मध्ये दर वसत्या गावामागे सरासरी २१७ रुपये तिजोरीत येत होते, तीन वर्षांनी ते साडेपाचशेच्या घरात गेले. आणि इथे माळव्यातली जुनी रीत ध्यानात घ्यायला हवी. ओस गाव वसवायचं तर पटेलाला किंवा मंडलोयाला कौल द्यायचा, सारा इस्ताव्याने लावायचा. पहिल्या वर्षी नावापुरता, पुढे दरसाल चढता, पुरा सारा काही वर्षांनी. मराठ्यांनी माळवा घेतला तेव्हाही हाच मार्ग होता. इतिहासकार स्टुअर्ट गॉर्डन यांनी पेशवे दफ्तराच्या कागदांवरून १७२० ते १७६० ची ही पद्धत नीट उलगडून दाखवली आहे. मग नव्याने वसलेली १,१२० गावं तीन वर्षांत खजिना भरून टाकणं शक्यच नव्हतं. पैसा आला तो आधीपासून वसत असलेल्या गावांतून. १८१७ मध्येही ती पिकत होती, सारा कुणाला ना कुणाला देत होती. फक्त तो होळकरांच्या तिजोरीत पोचत नव्हता. पेंढारी, गिरासिया, बंडखोर पलटण, वाटेतला अंमलदार, ज्याच्या हाती लागेल त्याचा तो. म्हणजे सोळा लाखांचा आकडा रयतेची सुबत्ता मोजत नाही. सरकारचा हात कुठवर पोचला, तेवढंच तो मोजतो. राज्यकर्त्याला हीच प्रगती वाटणार, त्यात नवल नाही. कुळाला तसं वाटलं असेल का, हा प्रश्न वेगळा.

वसुलीचा खर्च चाळीसवरून पंधरावर आला, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. पूर्वी सारा गोळा करायला सिबंदी न्यावी लागे, प्रसंगी लढाई करावी लागे. आता सिबंदी जवळपास उरलीच नाही, कारण मागे इंग्रजांची फौज उभी होती. तिचा खर्च होळकरांच्या ताळेबंदात या सदराखाली पडत नव्हता इतकंच.

तर वसुलाचा आकडा मी बाजूला ठेवतो. गावांचा आकडा इतक्या सहज बाजूला ठेवता येत नाही. सारा जुलमाने वाढवता येतो. ओस पडलेल्या गावात माणसं जुलमाने आणून बसवणं त्या काळी फार अवघड होतं, कारण शेजारी दुसऱ्याचं राज्य होतं आणि रात्रीत बैलगाडी जोडून निघून जाता येत होतं. होळकर, शिंदे, धार-देवासचे पवार, राजपूत ठाकूर, सगळ्यांची गावं एकमेकांत मिसळलेली. रयत कमी आणि जमीन अमाप, म्हणून प्रत्येक अंमलदार कौल घेऊन कुळं शोधत फिरणार. अशा मुलखात कुटुंब परत येतं, विहीर उपसतं, घरावर छप्पर घालतं, तेव्हा पुढच्या हंगामापर्यंत कुणी आपल्याला लुटणार नाही एवढा हिशेब त्याने केलेला असतो. तो त्याचा स्वतःचा अंदाज असतो, दरबाराचा नव्हे. म्हणून माझ्या मते या सगळ्या कागदांत सर्वांत बोलका आकडा ५०८ हा आहे. तिसऱ्या वर्षीचा वेग पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. पहिल्या वर्षी आलेले टिकले, हे पाहूनच बाकीचे आले असणार.

तरीही एक शंका जात नाही. १,६६३ मधून २६९, ३४३ आणि ५०८ वजा करा, बरोबर ५४३ उरतात. वजाबाकी चोख आहे, आणि तीच खटकते. तीन वर्षांत या राज्यातलं एकही वसतं गाव नव्याने ओस पडलं नाही? निमाडात अवर्षण, पटकी, पाटलाचं भांडण, काहीच नाही? की वसलेल्यांची नोंद ठेवली आणि उठलेल्यांची ठेवलीच नाही? शिवाय होळकरांच्या गावात आलेली कुळं जर शिंद्यांच्या गावातून उठून आली असतील, तर इथे एक गाव वाढलं आणि तिथे एक घटलं. ज्याचा तक्ता होळकरांचा, त्याला ही दुसरी बाजू दिसणार नाही. आणि गाव वसलं म्हणजे किती घरं? पाच झोपड्यांचं खेडं आणि रामपुऱ्यासारखी पेठ, तक्त्यात दोन्ही एकेकच.

गावं मोजून युद्धाचं फळ दाखवायचा मोह पुढेही सुटलेला नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी १९६७ पासून प्रत्येक वस्तीला दर महिन्याला ए पासून ई पर्यंत श्रेणी द्यायला सुरुवात केली. श्रेणी लावणारे सल्लागार त्याच जिल्ह्यात काम करत, तेव्हा आपल्याच कामाला मार्क देण्यासारखं ते होतं. एकंदरीत सरासरी वर सरकत गेली, आणि १९७५ मध्ये सायगाव पडलं. आपल्या इंदूरने २०१७ पासून ओळीने सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला, त्यामुळे क्रमांकावर आपला जीव जडलेला आहे हे कबूल. पण इथे निदान कचरा रस्त्यावर आहे की नाही हे रोज सकाळी प्रत्येकाला दिसतं.

माल्कमला हे आकडे हवे होते त्याचं कारणही समजून घेतलं पाहिजे. देशी राज्यं खालसा करू नयेत, ती त्यांच्याच कारभाऱ्यांकरवी चालवावीत आणि कंपनीने वरून नजर ठेवावी, हे त्याचं धोरण. कंपनीत उलट बोलणारेही होते. देशी दरबार म्हणजे अनागोंदी, असं त्यांचं म्हणणं. माळव्याचा हिशेब त्यांच्या तोंडावर मारायला उपयोगी होता: बघा, तात्या जोगसारखा माणूस असला की तीन वर्षांत काय होतं. म्हणून माल्कमवर सरळ साम्राज्याची टिमकी वाजवल्याचा आरोप करता येत नाही. त्याने श्रेयाचा मोठा वाटा एका मराठी कारभाऱ्याला दिला. पण त्यामुळेच पुरावा आपल्या बाजूला झुकवण्याची गरज त्याला इतरांपेक्षा जास्त होती.

तक्त्यात न बसणाऱ्याही गोष्टी होत्या. घटवलेल्या फौजेतले घोडेस्वार कुठे गेले, त्यांच्यावर जगणारे सराफ, लोहार, दाणेवाले कुठे गेले, याचा रकाना नाही. अफूची पिकं आणि अफूचे सट्टे यांनी इंदूरची पेठ ज्या वेगाने फुगली, तो पैसा गावांच्या मोजदादीत दिसत नाही. १८३०-३१ च्या सुमारास कंपनीने माळव्याच्या अफूवर पासाचा कर बसवला, तेव्हा या संपत्तीतला मोठा वाटा मुंबईला जाऊ लागला. पुनर्रचना कुणाच्या खात्यावर जमा झाली, याचं उत्तर गावागणिक आणि पेठेगणिक निराळं येईल.

माल्कम १८२१ मध्ये हिंदुस्थान सोडून विलायतेला गेला. त्यामुळे मालिका १८२० वर थांबते. उरलेल्या ५४३ गावांचं पुढे काय झालं, हे त्याच्या ग्रंथात असणं शक्य नव्हतं. तात्या जोग १८२६ मध्ये वारले. मल्हारराव १८३३ मध्ये ऐन विशीत गेले, गादीचा तंटा झाला, महेश्वरला कैदेत असलेले होळकर घराण्यातले हरिराव १८३४ मध्ये गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत खर्च उत्पन्नाच्या पुढे धावू लागला. तात्यांच्या माघारी दहा वर्षंही झाली नव्हती.