घरट्यापासून ६६० फूट

गरुडाच्या घरट्याजवळ पूल किंवा इमारत बांधावयाची झाल्यास यंत्रे किती दूर ठेवावीत? प्रश्न पक्षिशास्त्राचा वाटतो; पण त्यात आपल्या पदार्थविज्ञानाचाही भाग आहे.

अमेरिकेतील बाल्ड ईगल हा पांढऱ्या डोक्याचा, मासे खाणारा मोठा गरुड. डी.डी.टी.मुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊ लागली, आणि १९६३ साली तेथील सलग ४८ राज्यांत मिळून घरटी करणारी अवघी ४१७ जोडपी आढळली. १९७२ मध्ये डी.डी.टी.वर बंदी आली, घरट्यांनाही संरक्षण मिळाले. २००७ पर्यंत जोडप्यांची संख्या ९,७०० च्या वर गेली व पक्ष्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले. बांधकाम करणाऱ्यांसाठी सरकारने मार्गदर्शक नियम छापले तेही याच वर्षी.

घरट्यावरून काम दिसत असेल तर अंतर ६६० फूट, म्हणजे सुमारे २०० मीटर. मध्ये झाडी किंवा टेकडी असेल तर लहान कामांना ३३० फूट पुरे. सुरुंग मात्र अर्ध्या मैलाच्या आत उडवावयाचा नाही.

आता थोडे गणित करू. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाई होते, म्हणजे सुमारे ६ डेसिबेलने कमी. समजा, एखाद्या यंत्राचा आवाज १५ मीटरवर ९० डेसिबेल आहे. तर ३० मीटरवर तो ८४, ६० वर ७८, १२० वर ७२ आणि २४० वर ६६ भरेल. तेव्हा ३३० ऐवजी ६६० फूट अंतर ठेवून आवाजात फरक पडतो तो जेमतेम ६ डेसिबेलचा! मग झाडीच्या पडद्याला एवढी सवलत का? कारण गरुडाला कानापेक्षा डोळा अधिक घाबरवतो. जाणाऱ्या मोटारीपेक्षा पायी येणारा माणूस त्याला जास्त खुपतो.

परंतु माझ्या मते टेपपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचे. घरटे बांधण्याच्या दिवसांत त्रास झाला तर जोडपे जागाच सोडून देते. पुढे सुमारे ३५ दिवस नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. दोघेही उडाली तर अंडी थंड पडतात. पिल्ले आठ आठवड्यांची झाल्यावर धोका संपला असे वाटेल, पण तसे नाही. पंख पुरते तयार नसताना दचकून ती घरट्याबाहेर उडी टाकतात आणि मरतात. म्हणून घरट्याजवळची झाडतोड व बाहेरील बांधकाम विणीचा हंगाम टाळून करावयाचे असते.

सगळे गरुड सारखेच भित्रे नसतात. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवरील वुड्रो विल्सन पुलाचे नवे बांधकाम चालू असता शेजारीच एका जोडप्याने पिल्ले वाढवली. लोक त्यांना जॉर्ज आणि मार्था म्हणत. २००६ च्या एप्रिलमध्ये मार्था जबर जखमी झाली खरी, पण ती यंत्रांमुळे नव्हे, दुसऱ्या एका मादी गरुडाच्या हल्ल्यात. अशा सरावलेल्या पक्ष्यांचा विचार नियमांतही आहे: जवळपास तशाच प्रकारचे काम पूर्वीपासून चालू असून गरुड ते सहन करीत असतील, तर नवे कामही तेवढ्याच अंतरापर्यंत येऊ शकते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी व घरटी विस्कटणेही येते. त्या व्याख्येत अंतराचा आकडा मात्र दिलेला नाही.