गावाने मिळवलेली शाळा

शाळेची घंटा झाली, की आपण वर्गात जाऊन बसतो. यात काही विशेष आहे असे आपणांस वाटत नाही. परंतु ही घंटा प्रत्येक मुलासाठी वाजावी, म्हणून आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे झटावे लागले.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकारी तिजोरी शेतकऱ्यांच्या श्रमावर भरते, पण त्यांची मुले शाळेवाचून राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती. पुढे बडोदे व कोल्हापूर संस्थानांत असे कायदे झाले. सबंध देशासाठी मात्र २००९ चे साल उजाडावे लागले.

हा कायदा होण्यापूर्वीच खानदेशातील काही गावांनी स्वतःच्या बळावर शाळा उभ्या केल्या. सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठी चिमलखेडी आणि निमगव्हाण ही आदिवासींची गावे आहेत. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. १९९८ पासून ती नंदुरबार जिल्ह्यात मोडतात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली घरे आणि शेते जाणार, म्हणून येथील लोक संघटित झाले होते. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला सरकारी कागद कसा उमगणार? आपल्या हक्कासाठी तो कसा बोलणार? डोंगरातील शाळा केवळ कागदावरच आहेत, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. तेव्हा १९९१-९२ च्या सुमारास त्यांनी नर्मदा बचाव आंदोलनाच्या साहाय्याने आपल्या शाळा काढल्या. त्यांना त्यांनी 'जीवनशाळा' असे नाव दिले.

गावकऱ्यांनी लाकूड व बांबू आणून शाळा बांधली. गावातीलच शिकलेले तरुण शिक्षक झाले. घरी पावरी किंवा भिलाली बोलणाऱ्या मुलांना आरंभी मराठी समजत नसे. म्हणून शिक्षक मुलांच्या बोलीतून शिकवीत आणि हळूहळू मराठीकडे नेत. धरणाचे पाणी चढले, तेव्हा काही शाळा बुडाल्या. लोकांनी त्या उंचावर पुन्हा उभारल्या.

आता १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही, म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. चाळीसगाव किंवा साक्रीकडील एखादे कुटुंब ऊसतोडीसाठी परगावी गेले, तर तेथील शाळेने त्या मुलास वर्षाच्या मध्यातही घेतले पाहिजे. शाळेवर लक्ष ठेवण्यासाठी व्यवस्थापन समिती असते. तीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात.

परंतु कायदा स्वतः चालत गावात येत नाही. समितीची सभा भरली नाही, पालकांनी विचारणा केली नाही, तर चांगला कायदाही कपाटात पडून राहतो. नर्मदाकाठच्या लोकांजवळ कायदा नव्हता, पण निर्धार होता. आपल्याजवळ कायदा आहे. निर्धार आपण आणला पाहिजे.

मुलांनो, तुमच्या वर्गातील एखादा सोबती बरेच दिवस दिसला नाही, तर तो का येत नाही याची चौकशी करा आणि गुरुजींना सांगा. त्याची रिकामी जागा पुन्हा भरणे, हेही शाळा बांधण्याइतकेच मोलाचे काम आहे.