एक केबी म्हणजे किती?

बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या ‘आयबीपीएस’च्या ऑनलाइन अर्जात फोटो २० ते ५० केबी, तर सही १० ते २० केबी लागते. पण हा ‘केबी’ म्हणजे नेमका किती?

संगणकाच्या लेखी फाइलचा आकार म्हणजे बाइटची निव्वळ संख्या. समजा, फोटो ५०,८०० बाइटचा आहे. एक केबी म्हणजे १,००० बाइट धरले, तर तो ५०.८ केबी भरतो आणि मर्यादेबाहेर जातो. १,०२४ धरले, तर ४९.६ केबी भरतो आणि मर्यादेत बसतो! १,०२४ हा २ चा दहावा घात. विंडोज त्याने भागते, ॲपलचा मॅक २००९पासून १,०००ने. १९९८मध्ये १,०२४ बाइटसाठी ‘किबीबाइट’ हे वेगळं नाव ठरलं, पण ते बोलण्यात रुळलं नाही.

वेबसाइटच्या कोडमध्ये हा आकार दाखवण्याची रीत सोपी आहे. संख्या भाजकापेक्षा लहान होईपर्यंत भागत जायचं आणि दर भागाकाराला एकक एक पायरी चढवायचं: बाइट, केबी, एमबी, जीबी. शेवटी एका दशांश स्थळापर्यंत आकडा दाखवायचा. इथे एक खाचखळगा आहे. १०,४८,५७० बाइटला १,०२४ने भागून पूर्णांकन केलं, की ‘१०२४.० केबी’ उमटतं. तिथे ‘१.० एमबी’ दिसायला हवं.

पूर्णांकन फक्त डोळ्यांसाठी. मर्यादेची तपासणी मूळ बाइटवरच व्हावी. अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावपळ करणाऱ्या उमेदवाराला मर्यादा आणि त्याच्या फोटोचा आकार, दोन्ही एकाच मापात दिसणं हा त्याचा हक्क आहे.