परदेशी निराधार मुलें आणि राज्यांचे कायदे

परमुलखांत आलेल्या आणि आईबापांनीं टाकलेल्या मुलाचा वाली कोण? अमेरिकेंत परदेशीयांना वास्तव्याची परवानगी देणें हा मध्यवर्ती सरकारचा अधिकार. मुलांचें हित पाहणें हें मात्र घटक राज्यांच्या न्यायालयांचें काम. १९९० च्या कायद्यानें या दोहोंची सांगड घातली आणि २००८ मध्यें ती अधिक व्यापक झाली. आई वा बाप यांपैकीं एकानें जरी छळ, हेळसांड किंवा त्याग केल्यामुळें मूल त्याच्याकडे सोंपवितां येत नसेल, आणि मायदेशीं परतणें मुलाच्या हिताचें नसेल, तर तसा निर्णय राज्याचें न्यायालय देतें. त्या निर्णयाच्या आधारेंच मध्यवर्ती सरकारकडे अर्ज करतां येतो.

अडचण होती ती वयाची. अर्ज एकविसाव्या वर्षापर्यंत करतां येतो. पण पालक नेमण्याचा न्यायालयांचा अधिकार सामान्यतः अठराव्या वर्षींच संपे. एकोणीस वर्षांच्या मुलानें जावें कोठें? म्हणून न्यूयॉर्कनें २००८ मध्यें, मेरीलंडनें २०१४ मध्यें व कॅलिफोर्नियानें २०१५ मध्यें कायदे करून ही मर्यादा २१ पर्यंत वाढविली.

परवानगी देणें राज्यांच्या हातीं नाहीं; परंतु गाऱ्हाणें ऐकणारें न्यायासन देणें त्यांच्या हातीं आहे. त्यावांचून अर्जाचें पहिलें पाऊलच पडत नाहीं.