विद्यापीठाचे आवार आणि पायी येणारा माणूस

काही महिन्यांपूर्वी एका विद्यापीठात आवारातील भावी वाहतुकीचा आराखडा ठरविण्यासाठी बैठक झाली. ग्रामीण महाविद्यालयाचा प्रतिनिधी म्हणून मलाही बोलावणे होते. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. निळ्या रंगात वाहनतळ, लाल रंगात रुंद करावयाचे रस्ते, हिरव्या रंगात विजेच्या मोटारींसाठी चार्जिंगच्या जागा. दोन तास चर्चा झाली आणि ती सारी गाडी कोठे उभी करायची याभोवती फिरली. शेवटी मी विचारले, “या नकाशात एस. टी. स्टँड कुठे आहे?” अध्यक्ष हसून म्हणाले, “सर, स्टँड आवाराच्या बाहेर आहे. तो आपला विषय नाही.”

त्या उत्तराने मी अठरा वर्षे मागे गेलो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पदवीनंतरच्या प्रवेशासाठी दादा मला घेऊन विद्यापीठात आले होते. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडालेली होती. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून स्टँडपासून आम्ही चालत निघालो. फाटकावर रखवालदाराने थांबवून चौकशी केली. आमच्या शेजारून एक मोटार गेली, तिला त्याने सलाम ठोकला. पाट्या इंग्रजीत होत्या, रस्ता विचारायला माणूस नव्हता. पैसे भरण्याची खिडकी एक वाजता बंद होत असे. आम्ही पोहोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. ती रात्र आम्ही स्टँडवर काढली. दादा एवढेच म्हणाले, “गावापून इथवर यष्टी आली, पर फाटकापून खिडकीपोहोत काहीच न्हाई.”

त्या विद्यापीठाचे नाव मी सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकते. दादांनी वाहतूकशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते. परंतु आराखडा करणाऱ्या तज्ज्ञांना जे दिसत नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते. प्रवास दारापासून दारापर्यंत असतो. त्याचा एखादा तुकडा तुटला की उरलेला सारा प्रवास वाया जातो. आणि हा तुकडा नेहमी ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याचाच तुटतो.

वाहतुकीचा प्रश्न रस्ते आणि इंजिन यांचा आहे, त्याचा समाजरचनेशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. त्यांनी १९२९ सालची चाळीसगावची घटना आठवावी. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायचे होते. स्टेशनवर टांगे होते, घोडे होते, रस्ताही होता. परंतु अस्पृश्याला घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने, सवय नसताना, लगाम हाती घेतला. मोरीवर चाक अडकले, टांगा उलटला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे नोंदविले आहे.

आज टांगेवाला नाही म्हणणार नाही. बसमध्ये कोणी जात विचारून तिकीट देत नाही. परंतु या घटनेतले मूळ सूत्र अजून जिवंत आहे. वाहन आहे एवढ्याने माणसाला गती मिळत नाही. ती व्यवस्था कोणासाठी उभी केली, तिच्या लगामावर कोणाचा हात आहे आणि कोणाची सोय हिशेबात धरली, यावर कोण पोहोचणार हे ठरते.

आपली अनेक विद्यापीठे मुळात कोणासाठी आखली गेली हे पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. पुणे विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. गणेशखिंडीतील हे आवार ४११ एकरांचे आहे. तेथील मुख्य इमारत विद्येसाठी बांधलेली नाही. ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची कोठी. बार्टल फ्रीअर गव्हर्नर असताना १८६४ साली तिचे काम सुरू झाले. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यात येत, तेव्हा त्यांच्या राहण्यासाठी ती होती. मोठे फाटक, झाडांची दाटी आणि आत कोठी. ही रचना बग्गीतून येणाऱ्या माणसासाठी शोभिवंत होती. पायी येणारा येथे नोकर म्हणून किंवा अर्जदार म्हणूनच येणार, हे त्या रचनेत गृहीत होते.

१९४९ साली येथे विद्यापीठ सुरू झाले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. नाव बदलणे ही लहान गोष्ट नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपल्या माणसांनी काय सोसले हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु फाटकावरचे नाव बदलल्यानंतर फाटकाच्या आतला रस्ताही बदलावा लागतो. बग्गीच्या जागी मोटार आली आणि पायी येणारा पायीच राहिला, तर नावाला न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही.

याच विद्यापीठाच्या दारात भविष्याच्या नियोजनाचा एक मोठा धडा घडला आहे. चौकातील वाहनांची कोंडी सुटावी म्हणून तेथे उड्डाणपूल बांधले गेले. ते वाहनांकडे पाहून बांधले होते. पुढे हिंजवडी ते शिवाजीनगर अशा सुमारे २३ किलोमीटर मेट्रोची आखणी झाली, तेव्हा हे पूल आड आले. २०२० साली ते पाडावे लागले. बांधून त्यांना दोन दशकेही पुरी झाली नव्हती. आज गाड्या किती आहेत एवढेच मोजून जे बांधले जाते ते उद्याची अडचण ठरते. याउलट, माणसे किती आहेत आणि त्यांना कोठे जायचे आहे, असे विचारून जे बांधले जाते ते टिकण्याची शक्यता अधिक असते. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही हेच तत्त्व मांडले होते. रस्त्याची जागा वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटली जावी, असे ते धोरण सांगते. तत्त्व कागदावर आहे. आवारात मात्र निळ्या रंगाचे वाहनतळच वाढतात.

या वाहनतळाचा हिशेब एकदा मांडून पाहू. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३४ चौरस फूट. वसतिगृहातील दहा बाय बारा फुटांची खोली १२० चौरस फुटांची असते आणि तीत दोघे, कधी तिघे राहतात. एका रिकाम्या मोटारीला आपण तीन विद्यार्थ्यांपेक्षा अधिक जागा देतो, तीही फुकट. गाडी वळविण्याची जागा धरली तर आकडा जवळजवळ दुप्पट होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात नगरनियोजन शिकविणारे डोनाल्ड शूप यांनी २००५ साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनाचे सार असे की, फुकट वाहनतळ कधीच फुकट नसतो. जमीन, डांबर, दिवे, पहारा यांचा खर्च कोणीतरी भरतोच. ज्याच्याकडे गाडी आहे तो तो भरत नाही, म्हणून तो सर्वांवर पडतो. गाडी नसलेल्यावरही पडतो. शिष्यवृत्तीचे दोन रुपये वाढवायचे म्हटले की अनुदानाची ओरड होते. वाहनतळ हेही अनुदानच आहे, आणि ते वरच्यांना मिळते म्हणून त्याला कोणी अनुदान म्हणत नाही.

आता पायी चालणाऱ्याचा हिशेब. माणूस तासाला साडेचार किलोमीटर चालतो असे धरू. फाटकापासून विभाग दीड किलोमीटर असेल तर वीस मिनिटे लागतात. जाऊन येऊन चाळीस. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर आठ हजार मिनिटे, म्हणजे १३३ तास. एक तास हा एक तास अशा १३३ तासिका त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातून जातात, त्याही उन्हात आणि पावसात. हजेरीच्या पुस्तकात याची नोंद कोठेच होत नाही. तेथे फक्त ‘उशिरा’ असा शेरा पडतो.

यावर उपाय अवघड नाही. चार किलोमीटरच्या फेरीवर एक लहान बस फिरवली, थांबे धरून तिचा वेग ताशी पंधरा किलोमीटर राहिला, तर फेरीला सोळा मिनिटे लागतात. चार मिनिटे विसावा धरा. वीस मिनिटांची फेरी झाली. अशा दोन बसगाड्या ठेवल्या की दर दहा मिनिटांनी बस मिळते आणि थांब्यावर सरासरी पाचच मिनिटे थांबावे लागते. तासाला एक अशी मोठी, चकचकीत, वातानुकूलित बस ठेवली तर सरासरी अर्धा तास थांबावे लागेल, आणि तेवढ्यात माणूस चालत पोहोचेल. बस किती मोठी यापेक्षा ती किती वेळाने येते हे महत्त्वाचे. उद्घाटनाच्या छायाचित्रात मात्र मोठी बस शोभते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ साली याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे विद्यार्थी आणि नोकर यांच्यासाठी ‘यू-पास’ नावाचा स्वस्त पास काढला, आणि त्याच वेळी आवारात गाडी उभी करण्याचे दर वाढवले. तो पास शहराच्या बसलाही चालत असे. म्हणजे विद्यापीठाने आपली जबाबदारी फाटकापाशी संपविली नाही. ‘स्टँड आपला विषय नाही’ असे तेथे कोणी म्हटले नाही.

आपल्याकडे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. एस. टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. या सवलतींनी आपल्या कितीतरी मुली शिकल्या. परंतु मोफत पास बारावीला थांबतो, नेमका उच्च शिक्षण सुरू होते तेथे. आणि वेळापत्रकाचे काय? माझ्या वर्गातील एक मुलगी रोज तीस किलोमीटरवरून येते. तिच्या गावाची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे असते, तिच्यासाठी ते साडेचारलाच बंद होते. हा दोष ग्रंथालयाचा नाही, तिचाही नाही. दोन वेळापत्रके कोणी शेजारी ठेवून पाहिलेली नाहीत. ती पाहायला ना निधी लागतो, ना तज्ज्ञ.

नवे तंत्र आले म्हणजे विषमता आपोआप जाईल असे मानणाऱ्यांनाही सावध करावेसे वाटते. २०१७ च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या. विद्यापीठाच्या आवारातही त्या होत्या. कल्पना उत्तम होती. परंतु कुलूप उघडायला स्मार्टफोन आणि त्यातले अ‍ॅप लागत असे. ज्याच्याजवळ साधा फोन होता त्याच्यासमोर सायकल उभी असूनही ती त्याची नव्हती. चाळीसगावचा टांगा मला येथे पुन्हा आठवतो. विजेच्या मोटारीचेही तसेच. तिने धूर कमी होईल, आणि ते हवेच आहे. परंतु ती तेवढीच जागा अडवते आणि तिच्या चालकालाच नेते.

आवारात फक्त प्राध्यापक आणि विद्यार्थी येत नाहीत. झाडणाऱ्या बाया सूर्य उगवण्यापूर्वी येतात. वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या येतात. रखवालदार रात्रपाळी संपवून जातात. त्यांतल्या बहुतेकांच्या वस्त्या आपल्याला ठाऊक आहेत. ते कोणत्या वाहनाने येतात, हे त्या बैठकीत कोणीही विचारले नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६ चा कायदा आहे. उतार कसा असावा याचे प्रमाणही ठरलेले आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तरीही अनेक इमारतींत पायऱ्यांच्या कडेला सिमेंटची घसरगुंडी ओतून उतार झाला असे लिहिले जाते. चाकाच्या खुर्चीतला माणूस त्यावर चढून पाहतो का, हे पाहायला कोणी येत नाही.

म्हणून आराखड्याचा क्रम उलटा करावा असे माझे मत आहे. प्रथम पायवाट, सावली, पाणी आणि मराठीतील पाट्या. मग दर दहा मिनिटांची लहान बस, जी स्टँडपर्यंत जाईल. मग सायकल, साध्या कुलपाची. मग परीक्षा, खिडक्या आणि ग्रंथालय यांच्या वेळा एस. टी.च्या वेळांशी जुळविणे. सर्वांत शेवटी मोटार, आणि तिच्या जागेचे योग्य भाडे, जे बसच्या खर्चाला लावावे. हे ठरविणाऱ्या समितीत झाडणारी बाई, रखवालदार आणि खेड्यातून येणारी विद्यार्थिनी यांना बसवावे. त्यांना उपचार म्हणून बोलावू नये. त्या रस्त्याची माहिती त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणालाही नाही.

बैठकीच्या शेवटी मी हे सारे लेखी दिले. त्याची पोच मिळाली, उत्तर अजून आलेले नाही. त्या दिवशी परत निघालो तेव्हा दोन वाजले होते. ऊन मी म्हणत होते. फाटकाकडून एक म्हातारा आणि त्याचा मुलगा चालत येत होते. मुलाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. म्हाताऱ्याने मला विचारले, “सायेब, पैसे भरायची खिडकी कुठं हाय?” मी त्यांच्याबरोबर मागे वळलो. रस्ता मला पाठ होता.