ग्राही आत ओढला, म्हणजे संदेश थांबला का?

पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही म्हणजे विजेचे बटण, वृद्धिघटक चिकटला की चालू आणि सुटला की बंद, ही समजूत पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांनी पक्की केली आहे. फळमाशीचा डोळा घडताना पाहिला, तर ती टिकत नाही. या डोळ्यात सुमारे 750 ते 800 नेत्रिका, म्हणजे छोटे घटक-डोळे, असतात आणि प्रत्येकीत आठ प्रकाशपेशी. अळीच्या अवस्थेत आधी आर-8 ही पेशी ठरते. तिच्यातला ऱ्होम्बॉइड हा विकर पटलात अडकलेले स्पिट्झ प्रथिन कापून मोकळे करतो. ते शेजारच्या पेशींवरच्या ईजीएफआर या ग्राहीला चिकटले की त्या एकेक करून डोळ्यात सामील होतात. पण ग्राही तर आसपासच्या सगळ्याच पेशींवर असतो, मग भरती थांबते कशी? उत्तराचा मोठा भाग आर्गोस या प्रथिनात आहे. संदेश मिळालेल्या पेशी स्वतःच ते बाहेर सोडतात. आर्गोसचे जनुक बिघडले, तर नेत्रिकेत जास्तीच्या पेशी घुसतात. हा आर्गोस ग्राहीवर बसून वाट अडवतो, असे संशोधकही बरीच वर्षे मानत होते. 2004 साली कळले की तो ग्राहीला हातच लावत नाही. स्पिट्झलाच धरून ठेवतो.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे: सक्रिय ग्राही पेशीने आत ओढला की काम संपले. खरे तर आतल्या पुटिकेच्या पटलावर बसलेल्या ग्राहीचे शेपूट पेशीद्रवातच असते, त्यामुळे तो तिथूनही संदेश देऊ शकतो. सीबीएल प्रथिन त्याला युबिक्विटिनची खूण लावते, एचआरएस हे दुसरे प्रथिन ती ओळखते, ग्राही शेपटासकट पुटिकेच्याही पोटात ढकलला जातो, तेव्हा त्याचा संदेश थांबतो, आणि पुढे तो लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पचनकोशात, नष्ट होतो. एचआरएस नसलेल्या माशीच्या भ्रूणांत सक्रिय ग्राही साठून राहिले आणि संदेश वाढला, असे 2002 साली दिसले. म्हणजे निर्णायक टप्पा आत ओढण्याचा नव्हे, त्यानंतरच्या विल्हेवाटीचा.

माशीचे नियम माणसाला कशाला लावायचे, हा आक्षेप रास्त आहे आणि आर्गोसपुरता खराही: त्याचा सस्तन प्राण्यांतला भाऊबंद सापडलेला नाही. शिवाय माशीत हा ग्राही एकच, माणसात त्याच कुळातले चार. सीबीएल आणि एचआरएस मात्र आपल्या पेशींतही आहेत, आणि तिथेही ग्राहीला लयकारिकेकडे धाडण्याचे काम त्यांच्याकडेच आहे.